सोयीची जागा

बहिणीचं बाळ पाहायला त्याची आई आणि बायको निघाल्या आणि तिकिटं काढायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

"मला खालची, खिडकीची जागा बघ," आई स्वयंपाकघराकडे नजर ठेवून कुजबुजली. "आणि हिला दुसऱ्या डब्यात टाक. चौदा तास तिची बडबड कोण ऐकणार?"

थोड्या वेळाने बायकोने त्याला गॅलरीत ओढलं. "आईंपासून लांबची जागा बघ हं. एकत्र मिळाल्याच नाहीत म्हणून सांग."

त्याला हायसं वाटलं. त्याने गाडीच्या दोन टोकांचे दोन डबे निवडले आणि पडलेल्या चेहऱ्याने दोघींना तसं सांगून टाकलं.

निघायच्या दिवशी तिघं आधी आईच्या डब्यात चढली. सासूने सुनेचा हात घट्ट धरला. "तुझ्याशिवाय मला मेलीला कसं करमायचं गं?"

"माझं तरी तिकडे कशात मन लागणार आहे, आई!" सुनेने रुमालाने डोळे टिपले.

शेजारच्या जागेवरच्या भल्या गृहस्थांना ते पाहवेना. त्यांनी आपली बॅग उचलली.



"सूनबाई, तुम्ही बसा इथे आईंजवळ. तुमच्या जागेवर मी जातो."