वर्षातून एकाची सुटका

"त्याला सोडवा, भाऊ. दुसरं काही मागत नाही."

डोंगराकडून आलेली दोफीन आज पुन्हा चॅपेलच्या दारात उभी होती. दारावर दगडी देवदूतांनी संत योहानाचं छाटलेलं मुंडकं तबकात धरलं होतं. फाशी जाणाऱ्यांना शेवटची सोबत करणाऱ्या काळ्या झग्यातल्या प्रायश्चित्त-बांधवांनी दोनशे वर्षांपूर्वी हे चॅपेल बांधलं, तेव्हापासूनचं ते तबक.

बांधवांचा प्रमुख एल्झेआर. त्यानं तिला आत बाकावर बसवलं.

"वर्षातून एकच कैदी सोडवायचा हक्क आहे आम्हाला, आई. आणि गास्पारनं तर खून कबूल केलाय."

"केलाय. पण पुढं तोंड उघडत नाही. रोज तुरुंगात सूप घेऊन जाते, तर भिंतीकडे वळून बसतो."

"तुला तोंड दाखवायची लाज वाटत असेल त्याला."

फरशीत लोखंडी कडीची एक शिळा होती, तिच्याकडे ती बघत बसली.

"फासावर गेलेले इथंच ठेवता?"

"हो. त्यांना दुसरं कोण जागा देणार? नावं कोरत नाही. पण भिंतीकडे आमचे बांधव, वेदीकडे ते."

"म्हणजे कुठं आहेत ते ठाऊक असतं," ती म्हणाली. "तेवढंही पुष्कळ."

त्या शिळेखाली एल्झेआरनं स्वतःच्या हातांनी कितीतरी पोरं उतरवली होती, आणि दर वेळी बाहेर अशीच एखादी आई ताटकळत असायची. या वेळी तरी तसं होऊ द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

यंदा फाशीची शिक्षा झालेले दोघं होते; बांधव कुरकुरले. "तो दुसरा नुसता चोर आहे. खुनी सोडून चोराला लटकवायचं?" म्हातारा बार्थेलेमी म्हणाला.

एल्झेआर सगळ्यांशी भांडला. अखेर कौल गास्पारच्या बाजूनं पडला. चोर फासावर गेला, आणि त्याला शिळेखाली उतरवताना एल्झेआरला त्याच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वेदीपुढे गास्पारच्या बेड्या काढल्या. एल्झेआरनं त्याला हाताला धरून दोफीनसमोर आणलं.

"घेऊन जा, आई."

दोफीननं गास्पारचे दोन्ही हात घट्ट धरले. आवाज मात्र अगदी हळू होता.

"तुला जगवलं मी," ती म्हणाली. "आता सांग. माझ्या लेकराला मारून कुठं पुरलंस?"