तीन मिनिटांचा सत्कार

लिंबाजीनं डब्यातून चिठ्ठी काढली, उघडून वाचली आणि मान वर करून थेट परीक्षकांच्या टेबलाकडं बघितलं. टेबलामागं बसलेल्या बन्सीधर सरांनी नजर गुणांच्या कागदात घातली.

“विषय आहे, सभागृहातल्या एका व्यक्तीचा सत्कार करा,” निवेदिका राजेश्रीनं माईकवर वाचून दाखवलं. “वेळ तीन मिनिटं. कुणाचा करताय, लिंबाजीराव?”

“सरांचाच की. त्यांच्याएवढं थोर कोन हाय हितं?”

टाळ्या पडल्या. सरांनी हसून हात जोडले.

जिंतूरच्या त्या मंगल कार्यालयात सकाळपासून बोलून पोट भरणाऱ्यांची स्पर्धा चालली होती. लग्नात पाहुण्यांची नावं पुकारणारे, क्रिकेटच्या सामन्यांना घसा फोडणारे, उद्घाटनाला पुढाऱ्याला डोक्यावर घेणारे, असे चौदा जण बोलून गेले होते. लिंबाजी पंधरावा. सोनपेठपासून देवगाव फाट्यापर्यंत त्याला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याला दारात बघून खूश झालेलाही सापडायचा नाही. कारण लिंबाजी स्मशानात बोलायचा. सरण पेटलं की लोक त्याला पुढं करत, आणि तो गेलेल्याला अशी श्रद्धांजली वाही, की भावकीतल्या वैऱ्यानंही डोळे पुसावेत. लग्नाला मात्र त्याला कुणी चुकूनही बोलवत नसे. आज नंबर आला तर चार लग्नं मिळतील, या आशेनं बिचाऱ्यानं नाव दिलं होतं. गुलाबी फेटासुद्धा बांधून आला होता.

सोमवारी नांदेडला सरांची छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन करणार होते, हे मात्र लिंबाजीला ठाऊक नव्हतं. सभागृहात ते दोघांनाच माहीत होतं, सरांना आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोला. “आवं, तुमच्यावाचून काय अडलंय त्यांचं? पडा की घरी गुमान,” असं धुरपताबाई निघताना म्हणाल्या होत्या. पण घरी पडलं की छताकडं बघावं लागतं, आणि छताकडं बघितलं की सोमवारच आठवतो. म्हणून सर हट्टानं आले. ते पार भ्यायले होते. जन्मभर पोरांना ‘धीट व्हा रे’ म्हणून दटावत आलेला माणूस, पण सकाळपासून कुणाचं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. उच्चार, आशय, सभाधीटपणा, सगळ्या रकान्यांत ते अंदाजपंचे सात-आठ लिहीत होते.

लिंबाजीनं सुरुवात झकास केली. सरांच्या छडीवर एक विनोद केला, लोक खळखळून हसले. सरांना जरा बरं वाटलं. मग लिंबाजीनं डोळे मिटले. सरणाच्या धुरात डोळे झोंबतात, त्यामुळं त्याला मिटल्या डोळ्यांनीच बोलायची सवय लागली होती.

“सरांनी हजारो पोरं घडवली. सरांनी कुणाचं मन दुखवलं नाही. सरांच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही.” आवाज हळूहळू खाली आला, जड झाला. मोकळा सोडलेला बैल आपोआप गोठ्याची वाट धरतो, तशी त्याची जीभ निघाली. “सारं गाव पोरकं झालं. आज सर देहानं आपल्यात नसले, तरी...”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढंच. नंतर कुणी हसलं नाही, कारण लिंबाजी इतकं सुरेख बोलत होता. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं उपरण्याला डोळे पुसले. मधल्या रांगेत कुणाला तरी हुंदका आला.

‘अरे, मी आहे,’ असं सरांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण हा गडी मंगळवारी स्मशानात जे बोलणार, ते आजच बोलतोय, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. शब्द हेच असतील. आवाजही हाच.

“सरांच्या आत्म्याला शांती लाभो,” लिंबाजी म्हणाला. “आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून...”

खुर्च्या सरकल्या. पहिली रांग उठली. तिचं बघून दुसरी उठली, मग सगळंच सभागृह. राजेश्रीनं माईक खाली केला आणि मान झुकवली. सरांच्या शेजारचे परीक्षकही हातावर हात ठेवून उभे राहिले. कुणीही सरांकडं बघत नव्हतं. वर पंखे फिरत होते, त्यांचा तेवढा आवाज.

दोन मिनिटं म्हटली की उभं राहायचं, हे सरांच्या अंगात मुरलेलं. त्यांच्याही गुडघ्यांनी जोर घेतला. टेबलावर तळवे टेकून ते खुर्चीतून अर्धे उठले.

तेव्हा उभ्या माणसांच्या फटीतून त्यांना धुरपताबाई दिसल्या. सगळ्या सभागृहात त्या एकट्या बसून होत्या. पदर खांद्यावर आवळलेला, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरलेले. त्या सरळ सरांकडं बघत होत्या.

“बसा खाली,” त्या म्हणाल्या. एवढ्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “तुमी कशाला उठायलाव?”