हाताला जमेल असा

पन्नास वर्षं कात्री चालवून टेलरमास्तरांची मनगटं कामातून गेली होती, पण कॉफीची तलफ शाबूत होती. दिवसातून चार वेळा ते ओट्यापाशी जायचे, काही ना काही सांडायचे आणि सुनेची बोलणी खायचे. त्या दिवशी मात्र सूनच म्हणाली, "चला बाबा, तुम्हाला हाताने दाबायचा कॉफीमेकर घेऊ. आजपासून तुमची कॉफी तुम्हीच करायची, मला हाक मारायची नाही."

दुकानात तिने त्यांना एकेक दांडा दाबून बघायला लावला. घाई नाही, चिडचिड नाही. पोटच्या लेकीनेही एवढं केलं नसतं, असं वाटून मास्तरांना भरून आलं.

पहिल्या चारांचे दांडे सहज खाली गेले. पाचव्याला त्यांनी दोन्ही हात लावले, अंगाचा सगळा भार टाकला, तरी तो अर्ध्यावरच अडला. मनगटातून कळ गेली. मास्तर ओशाळून हसले.

"हा नको गं पोरी. हा मला जन्मात जमायचा नाही."

"नक्की ना, बाबा?"

"अगदी नक्की."



सून दुकानदाराकडे वळली. "हाच द्या."