मलमपट्टी

ओसरीवर बापूसाहेब वकील म्हणाले, "हे बघा किसनराव, सध्या मलमपट्टी करून घ्या. पुढचं पुढे." आत, दाराआड उभ्या असलेल्या सुभद्रेच्या जिवात जीव आला.

सकाळपासून अकोल्याचे पाहुणे ओसरी अडवून बसले होते, तिच्या लेकीचा, शकुनचा सासरा आणि नवरा. चहा झाला, पान झालं, यंदाच्या वांग्यांवरही बोलणं झालं. पोरीच्या हाताचं मात्र कोणी धड नाव काढीना. परवा ती एकटीच रेल्वेत बसून बडनेऱ्याला आली, ती पदराखाली हात झाकूनच. मनगटापासून कोपरापर्यंत कातडं सोललेलं. सासूनं तापलेलं उलथनं टेकवलं होतं, आणि हा ओसरीवर बसलेला शहाणा नवरा तेव्हा दाराशी उभा होता. सासरा म्हणत होता, "तव्यावर पडला हो हात, होते असं." आणि किसनराव, तिचा सख्खा बाप, मान हलवत होता!

म्हणून तर सुभद्रेनं हट्टानं वकिलांना बोलावणं धाडलं होतं. तिच्या मळ्यातली भाजी त्यांच्या घरी जायची, तेवढीच काय ती ओळख. पण आल्या आल्या पोरीच्या हाताचंच बोलले. देवमाणूस, बाई!

तिनं लगबगीनं तुपात हळद कालवली. पेटीतून जुनं लुगडं काढलं. शकुनला याच लुगड्याच्या झोळीत निजवायची ती. धुऊन धुऊन मऊ झालेलं. टर्रकन एक पट्टी फाडली.

"दुखते का वं?"

"नाई." शकुनचे डोळे भरले होते. "माय, मले तिथं परत नाई ना पाठवणार?"

"कायले पाठवतो! वकीलसायेबच बोलले ना आता. ऐकलं नाई का तू?"

पट्टीची गाठ मारते न मारते तोच किसनराव आत आले.

"हे काय करून राह्यली? गाडीची येळ झाली. ओटी भर तिची."

"आवो, सायेबच म्हणले ना, मलमपट्टी करा म्हणून?"

किसनरावांनी खाली पाहिलं. "तशी नोय वं. शिकलेल्याईची बोलाची रीत असते ते. मंजे आता वरच्यावर मिटवून टाका, न् पोरीले पाठवून द्या."

सुभद्रेचा हळदीचा हात तसाच राहिला.

"त्यायनं पाह्यला तरी का तिचा हात?"

बाहेर सासरा कशावर तरी मोठ्यानं हसला.

ओरडावं, पोरीला कवटाळून दार लावून घ्यावं, असं सुभद्रेला फार वाटलं. पण तिचं ऐकणारं त्या घरात कोण होतं? ती उठली. खण, नारळ, तांदूळ घेतले. पोरीला कुंकू लावलं. शकुननं एका हातानं पदर पसरला, आणि तिनं ओटी भरली.

मग ती पुन्हा पेटीपाशी बसली आणि उरलेलं लुगडं फाडायला लागली. एक पट्टी, दुसरी, तिसरी. आवाज ओसरीवर गेला. तिथलं बोलणं जरा थांबलं, पुन्हा सुरू झालं.

सगळं लुगडं संपलं तेव्हा तिनं पट्ट्यांच्या घड्या केल्या आणि शकुनच्या ओटीत नारळाशेजारी ठेवल्या.

"हे कायले वं माय? बांधली ना तू आताच."

"असू दे," सुभद्रा म्हणाली. "लागतीन."