नोलीनचा राउटर

“हाही नाही चालायचा,” बेव्हनने कपाळाला हात लावला. “आवृत्ती तीन निघाली. आपल्याला दोन हवी होती.”

नोलीनने राउटर उलटा करून पोटावरची चिठ्ठी वाचली. “पण नाव तर तेच आहे की हो.”

“नाव तेच, खोकं तेच, रंगसुद्धा तोच. आतली मेमरी मात्र निम्मी. नवी प्रणाली त्यात मावणारच नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!”

“अरे देवा,” नोलीन म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

हा दुसरा शनिवार. पहिल्या शनिवारी आणलेल्या राउटरमध्ये प्रणाली मावली, पण वायफाय काही केल्या उठेना. त्यातली चिप बनवणाऱ्या कंपनीने तिची गुपितं जगाला दिलेलीच नव्हती म्हणे.

या सगळ्याला बेव्हनची जीभ जबाबदार होती. बर्नी गावच्या बोल्स क्लबात, हिरवळीवर गोळे घरंगळवताना, नोलीन सहज म्हणाली होती, “माझ्या राउटरला कंपनीने वाऱ्यावर सोडलंय, दोन वर्षांत एक दुरुस्ती नाही. मला ओपन सोर्सवाला हवाय. कंपनीची प्रणाली पुसायची आणि सगळ्यांना उघडून वाचता येते ती घालायची. असं कोणी करून देतं का हो?”

“त्यात काय! माझ्या हातचा मळ आहे,” बेव्हन बोलून गेला.

चाळीस वर्षं त्याने लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक चालवले होते. राउटरचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं हे त्याला ठाऊक नव्हतं. पण टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली नोलीन त्याला आवडत होती, आणि तिच्या स्वयंपाकघरात बसायला दुसरं निमित्त सापडत नव्हतं.

मग त्याने गुरू गाठला. या प्रणालीच्या भक्तांची इंटरनेटवर एक चावडी होती. तिथे बिळात राहणाऱ्या एका गुबगुबीत प्राण्यावरून घेतलेल्या ‘म्हातारा वॉम्बॅट’ या टोपणनावाचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. वॉम्बॅट तेरा वर्षं सल्ले देत होता आणि आजवर एकदाही चुकला नव्हता. बेव्हनने मनातल्या मनात त्याला ढेरी आणि पांढरी दाढी देऊन टाकली होती. स्वतःला टोपणनाव सुचेना, म्हणून त्याने ‘बर्नीचा बेव्हन’ असंच लिहिलं आणि वॉम्बॅटला खासगी निरोप धाडला. वॉम्बॅट नुसतं नाव सांगेल, आवृत्ती कधीच नाही, तो राउटर शोधायचा, कचरा डेपोच्या दारातल्या टिप शॉपमधून, म्हणजे टाकाऊ वस्तूंच्या दुकानातून, पाच डॉलरला उचलायचा आणि शनिवारी नोलीनकडे जायचं, असा क्रम सुरू झाला.

तिसऱ्या शनिवारी राउटरची वीट झाली. प्रणाली घालताना तो जो मेला तो मेलाच. दिवा नाही की धुगधुगी नाही.

“आता हा दाराला टेकू लावायला बरा,” नोलीन हसत म्हणाली.

बेव्हनला हसू येईना. त्यात कुंपणावरून शेजारच्या ट्रेव्हरने मुंडकं काढलं. “काय रे बेव्हन, अजून जुळत नाही? नोलीन, पुढच्या शनिवारी मीच कंपनीचा डबा आणतो. तासाभरात लावून देतो, आणि मग माझ्याकडे भाजलेलं मटण खायला चल.”

“बघू,” नोलीन म्हणाली.

त्या ‘बघू’ने बेव्हनची झोप उडाली. त्याने वॉम्बॅटपुढे मन मोकळं केलं. ‘मला यातलं ओ का ठो कळत नाही. एका बाईंवर छाप पाडायला थापा मारल्या. या शनिवारी जमलं नाही तर ट्रेव्हर त्यांना मटण खायला नेईल. बाबा, मला वाचव.’

दोन दिवस उत्तर नाही. मग एकच ओळ आली: चौथ्या राउटरचं नाव आणि ‘डोळे मिटून घे.’

पण तीनदा तोंडघशी पडलेला माणूस डोळे मिटत नाही. बेव्हन तीन दिवस वाचनालयात ठाण मांडून बसला. कुठला राउटर चालतो नि कुठला नाही याची यादी त्याने बोट ठेवून ठेवून वाचली. वॉम्बॅटने सांगितलेला राउटर त्यात ‘चालत नाही’ या रकान्यात होता! म्हातारा चळला, असं म्हणत त्याने स्वतःच दुसरा निवडला, आवृत्ती चारदा तपासली आणि चिठ्ठीचा फोटोही काढून ठेवला.

शनिवारी नोलीनने तो हातात घेतला, उलटा केला, चिठ्ठी वाचली आणि पुन्हा एकदा वाचली.

चाळीस मिनिटांत दिवा हिरवा झाला. वायफाय तर पार मागच्या परसात कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत पोचलं. बेव्हनला नाचावंसं वाटलं.

“झालं?” नोलीनने विचारलं.

“झालं! आता दहा वर्षं बघायला नको.”

“दहा वर्षं,” ती म्हणाली. “बरं. आभारी आहे.” आणि चहाचं नावही न काढता तिने त्याला दारापर्यंत सोडलं.

बेव्हन खट्टू होऊन घरी आला. जिंकूनही सगळं हातचं गेलं होतं. आता कुठल्या तोंडाने तिच्या दारात जायचं? कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्याने वॉम्बॅटला लिहिलं, ‘तुझं न ऐकता माझ्या डोक्याने राउटर निवडला. चालला. पण बाई खूश नाहीत. काय चुकलं माझं?’

उत्तर मिनिटभरात आलं.

‘अहो बेव्हन, तेरा वर्षांत मी एकदाही चुकले नव्हते. तुमच्यासाठी तीनदा मुद्दाम चुकले, चौथ्यांदाही चुकले. आता पुढच्या शनिवारी तुम्हाला घरी बोलवायला मी नवीन काय मोडू?’