मधला काप

उच्च दाबाच्या विजेच्या पेटीतून ठिणगी बाहेर उडेल का, हे संगणकावर तपासायला धाकट्याला आठवडा हवा होता. थोरल्याने सगळ्या कामगारांदेखत त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. “अख्खी पेटी कशाला मांडत बसतोस? मधून एक काप घे, सपाट चित्र काढ आणि मोकळा हो.”

“दादा, मधल्या कापात पेटीचे टोकाचे कोपरे येत नाहीत. ठिणगी कोपऱ्यातूनच उडते.”

दुसरी इतकी जोरात बसली की दातच पडला. मग धाकट्याने मधला काप घेतला. चित्रात धोक्याचा लाल रंग कुठेच नव्हता.

चाचणीच्या दिवशी थोरला पेटीच्या कोपऱ्याला खेटून उभा राहिला. “इथे चालेल ना रे?”

 

धाकट्याने पडलेल्या दाताच्या जागेवरून जीभ फिरवली. “चित्रात तर कोपराच नाही, दादा,” तो म्हणाला आणि त्याने खटका दाबला.