कडूबाची गाठ

कडूबाच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. बरं, ते सोडा. निघालीच नाही असं समजा. कडूबा अडुसष्ट वर्षांचा आहे, रोज धावडा गावातून शेतापर्यंत पायी जातो, आणि आयुष्यात त्याला एकच दुखणं झालं: पोरगा.

पोरगा संघपाल, वय चौतीस. राजुरात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान. बारा तास खुर्ची, दुपारी वडापाव, वर कोल्ड्रिंकची बाटली. वजन शहाण्णव, साखर अडीचशे. सुटलेल्या पोटाकडे बघून गाव म्हणे, धंदा मानवला. आठ महिने शौचातून रक्त जात होतं. डॉक्टरने न तपासताच मूळव्याधीचं मलम दिलं. कॅन्सर तर नाही ना, असं विचारल्यावर तो हसला. म्हणाला, ह्या वयात?

मग मोफत शिबिर आलं. आतड्याची दुर्बिणीने तपासणी, फक्त पन्नाशीपुढच्यांची. शिबिराचे कारकून काकासाहेब यांनी संघपालला रांगेतून काढलं आणि ठणठणीत कडूबाच्या हातात टोकन दिलं. कडूबाने ते पोराच्या खिशात कोंबलं, वर आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. जालन्याच्या दवाखान्यात संघपाल अडुसष्टचा होऊन टेबलावर झोपला. तोंड बघायला कुणी मान वर केली नाही. तसंही त्यांचं काम दुसऱ्या बाजूने होतं.

गाठ लिंबाएवढी निघाली. संघपालने डॉक्टरीणबाईंना खरं सांगून टाकलं. त्या भडकल्या, पण त्याच्यावर नाही. पोटाचा घेर, साखर, लिव्हरवर चरबी. अशांना तरुणपणीच हा धोका वाढतो, म्हणाल्या, आणि शिबिराची यादी बसलीय पन्नाशीची वाट बघत. महिना काढू नका, ऑपरेशन करून घ्या.

कागदांवर नाव कडूबाचं होतं. ते बदलून घ्यायला बापलेक काकासाहेबांपुढे उभे राहिले.

"मंजूर हाये ना ऑपरेशन," काकासाहेब म्हणाले. "कडूबाचं. नाव आता बदलत न्हाई."

"मंग मला कापा," कडूबा म्हणाला. "सापडली तर तुमच्या साहेबाला नेऊन दाखवा."

काकासाहेबांनी लेखी अर्ज मागितला. संघपालने आजवर गावाचे हजारो अर्ज भरले होते. हा त्याने उभ्या उभ्या, कागद फाटेल इतकं पेन दाबून लिहिला:

'सदर गाठ वडिलांच्या हयातीतच त्यांच्या नावावरून कमी करून, वारस या नात्याने अर्जदाराच्या नावावर करण्यात यावी. इतर वारसांची कसलीही हरकत नाही. ही नम्र विनंती.'